क्रोझोनमध्ये सहा जणांचा एक आठवडा: आखणी, चुका आणि दुरुस्ती

प्रकरण पुण्यातल्या सहा जणांच्या कुटुंबाचं आहे. आजोबा ७२, आजी ६८, नोकरी करणारे नवरा-बायको, ११ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा. आजी-आजोबा पक्के शाकाहारी, त्यात आजोबांचा एक गुडघा कुरकुरणारा. समुद्र फ्रान्सचा हवा होता, पण नीस-कानची गर्दी नको होती. खेडं हवं, कडे हवेत, मुलांना वाळू हवी. जागा निवडली ती ब्रिटनी प्रांताच्या पश्चिम टोकाला, फिनिस्तेर जिल्ह्यातलं क्रोझोन द्वीपकल्प. निवड चांगली होती. बिघडला होता तो दिवसांचा हिशेब.

पहिला आराखडा दहा दिवसांचा होता: पॅरिस दोन रात्री, माँ-साँ-मिशेल दोन, साँ-मालो एक, क्रोझोन तीन, परतीला नाँत एक. नकाशावर ही रेघ सुरेख दिसते. निघायचं शनिवारी रात्री, कारण शुक्रवारपर्यंत ऑफिस. म्हणजे फ्रान्समध्ये पाऊल पडणार रविवारी. शिवाय तारखा धरल्या होत्या १० ते २० मे, कारण मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्येच आटोपतात.

तारखा: दोन सुट्ट्यांची फट

महाराष्ट्रातली उन्हाळी सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून मध्य जूनपर्यंत. विदर्भ सोडला तर शाळा साधारण १५ जूनला उघडतात. फ्रान्सच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि ऑगस्टअखेरपर्यंत चालते. किनाऱ्यावरच्या घरांचे दर, दुकानांचे तास, बोटींच्या फेऱ्या, पोहणाऱ्यांवर नजर ठेवणारे जीवरक्षक, सगळं या दुसऱ्या वेळापत्रकावर चालतं. दोन्ही सुट्ट्या एकमेकींना शिवतच नाहीत. तेव्हा पुण्याहून जाणाऱ्यांना जुलै-ऑगस्टचा भरलेला किनारा मिळत नाही, मिळतो तो मे-जूनचा.

त्यातही मे फसवा. १ आणि ८ मे या ठरलेल्या सुट्ट्या. २०२६ साली आसाँसियाँ हा ख्रिस्ती सण गुरुवारी १४ मेला आणि पाँतकोत या दुसऱ्या सणाचा सोमवार २५ मेला. गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडून चार दिवस मोकळे करणं हा तिकडचा राष्ट्रीय छंद, त्याला ते 'पूल बांधणं' म्हणतात. या पुलांच्या दिवसांत पाणी थंड असतं आणि दर मात्र चढलेले. १० ते २० मे या पहिल्या निवडीत नेमका एक पूल येत होता.

दुरुस्तीनंतरच्या तारखा: गुरुवार २८ मेच्या रात्री मुंबईहून विमान, शुक्रवारी सकाळी पॅरिस, शनिवार ३० मे ते शनिवार ६ जून क्रोझोन, रविवारी ७ जूनला परतीचं विमान. शाळा उघडायला पूर्ण आठवडा हाताशी. ऑफिसची रजा सहा दिवसांची.

या काळाची किंमत मोजावी लागते, ती आधीच सांगितलेली बरी. जूनच्या सुरुवातीला इथलं समुद्राचं पाणी १४-१५ अंश असतं, ऑगस्टमध्येही १७-१८च्या फार वर जात नाही. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं दहा मिनिटांत निळी पडतात. खेळाच्या सामानाच्या दुकानात मुलांचा रबरी पोहण्याचा सूट मिळतो. तो घेतला तर पाऊण तास निघतो. बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक जुलै-ऑगस्टमध्येच असतात. हवा १२ ते १९ अंश, वारा कायम, अधूनमधून भुरभुर. छत्री उपयोगाची नाही, उलटी होते. टोपीवालं पातळ वाराप्रूफ जाकीट प्रत्येकाला एक, आत लोकरी. बदल्यात संध्याकाळ मिळते: सूर्य रात्री दहानंतर मावळतो.

शनिवार

फ्रान्सच्या खेड्यातलं भाड्याचं सुट्टीघर म्हणजे 'जीत'. हंगामात ते शनिवार ते शनिवार, आठवड्याच्या हिशेबानंच मिळतं. ताबा दुपारी चार-पाचनंतर, सोडायचं सकाळी दहाला. जूनमध्ये काही मालक तीन-चार रात्री देतात, पण साफसफाई, चादरी हे खर्च तेवढेच राहतात, त्यामुळे रात्रीमागे दर फुगतो.

आता पहिल्या आराखड्यासारखं रविवारी फ्रान्सला उतरून त्याच दिवशी थेट क्रोझोनला निघालात तर काय होईल ते पाहा. पॅरिसहून रेल्वेनं काँपेर स्टेशनात चार वाजता उतरलात. गाडी भाड्यानं देणारा काउंटर बंद, कारण छोट्या शहरांत रविवारी तो उघडत नाही किंवा जेमतेम तासभर उघडतो. सुपरमार्केट साडेबाराला मिटलेलं. क्रेपरी, म्हणजे डोसेवजा गालेत देणारं उपाहारगृह, बऱ्याचदा रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी बंद. घराचा मालक म्हणतो, ताबा काल होता. एका चुकीच्या वारानं गाडी, जेवण आणि छप्पर तिन्ही एकदम जातात. म्हणूनच ही आखणी करताना आधी वार लिहावा, मग वेळ, आणि ठिकाणाचं नाव सगळ्यांत शेवटी.

दुरुस्त क्रम असा. शुक्रवारी सकाळी पॅरिसला उतरायचं. बोटांचे ठसे आणि फोटो घेणाऱ्या नव्या सीमानोंदणीमुळे रांगेला तास-दीड तास सहज लागतो (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो). विमान सात-आठला उतरत असेल तर पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनाहून दोननंतरची गाडी धरावी, आधीची नको. विमानतळाहून माँपार्नासला टॅक्सीचा दर सरकारनं ठरवून दिलेला आहे, सीन नदीच्या डाव्या तीरासाठी ६५ युरोंच्या आसपास, पण तो चार प्रवाशांपर्यंतच. सहा जणांना मोठी व्हॅन आधी ठरवावी लागते. सामान घेऊन लोकल आणि मेट्रोचे जिने चढण्याची कल्पना दुखऱ्या गुडघ्यासमोर टिकत नाही. जलदगती रेल्वेत माणशी दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं, असा नियम आहे. काँपेरला पोचायला पावणेचार तासांच्या आसपास.

शुक्रवारची रात्र काँपेरमध्येच, स्टेशनजवळ. शनिवारी सकाळी दहाला गाड्या, अकरा ते एक सुपरमार्केट, मग गालेत, मग सावकाश ५५ किलोमीटर. वाटेत मेनेझ-होमची टेकडी लागते, उंची फक्त ३३० मीटर, पण गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते आणि सबंध द्वीपकल्प खाली नकाशासारखं पसरलेलं दिसतं. आजोबांसाठी हे फार सोयीचं दर्शन.

सात आसनांचा भ्रम

सहा जण म्हणजे सात आसनी गाडी, असं कोणीही म्हणेल. पण तिसरी रांग उघडली की मागे दोन पिशव्यांपुरती जागा राहते. सहा माणसं आणि सहा बॅगा त्या गाडीत बसत नाहीत, आणि हे काउंटरवर कळतं. दुसरा पर्याय नऊ आसनी व्हॅन; साध्या परवान्यावर चालते. मात्र ती दोन मीटरच्या जवळपास उंच असते, आणि किनाऱ्यालगतच्या कितीतरी वाहनतळांवर कॅम्पर गाड्या रोखायला आडवा दांडा लावलेला असतो. शिवाय उंच कुंपणांमधल्या गल्ल्यांत समोरून ट्रॅक्टर आला की ती मागे घ्यायची कसरत वेगळीच.

या कुटुंबासाठी दोन लहान गाड्या बऱ्या ठरतात. खर्च व्हॅनच्या आसपासच जातो, आणि दुपारी आजी-आजोबांना घरी परतायचं असेल तर मुलांना वाळूतून उठवावं लागत नाही. नवरा-बायको दोघांकडे परवाना हवा आणि दोघांकडे आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो पुण्यात आरटीओकडून, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो. मुदत एक वर्ष. मूळ परवाना बरोबर नसेल तर त्याचा उपयोग शून्य. तिकडे गिअरच्या गाड्या सर्रास आणि गिअर उजव्या हाताला. ऑटोमॅटिक हवी तर तीन महिने आधी राखून ठेवावी. अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवतात, डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड बऱ्याचदा नाकारतात. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार २०२० पासून मुळात बंदच असतात, ते निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करून मर्यादा वाढवायची. ६ वर्षांच्या मुलाला उंच बैठक सक्तीची; दहाखालच्या मुलांना मागेच बसवायचं.

रस्त्यांबद्दल थोडकं. ब्रिटनीतल्या दुपदरी जलदमार्गांना टोल नाही, वेग ११०, पावसात १००. गावांबाहेरच्या साध्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०, गावात ५०. धोका आहे तो उजवीकडून येणाऱ्याच्या हक्काचा: फलक नसलेल्या चौकात उजव्या हाताच्या बोळातून येणारी म्हातारबाबांची गाडी न थांबता तुमच्यासमोर येते, आणि नियम त्यांच्या बाजूचा असतो. पेट्रोलपंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल. पेट्रोल हवं तर ९५ आकडा पाहायचा. माणूस नसलेले पंप आधी शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतात, तिथे भारतीय कार्ड अडखळतं. सुपरमार्केटचा पंप स्वस्त पडतो, त्याचा माणूस असलेला खिडकीचा रस्ता शोधावा.

घर: जाहिरात कशी वाचायची

तीन घरं शेवटच्या यादीत होती. कड्यावरचं, समुद्र दिसणारं. मोर्गा गावातला फ्लॅट. आणि किनाऱ्यापासून तीन किलोमीटर आत, वाडीतली दगडी लाँजेर, म्हणजे जुनी लांबट शेतकरी-बांधणी. निवड तिसऱ्याची झाली, आणि ती फोटोंवरून झालेली नाही.

कड्यावरच्या घरात 'सहा जणांची सोय' होती, पण त्यातले दोघं बैठकीतल्या सोफा-पलंगावर आणि दोघं माळ्यावर, जिथे शिडीसारखा जिना. 'दुहेरी पलंग' म्हणजे १४० सेंटिमीटर रुंद, हेही ध्यानात ठेवावं. फ्लॅटमध्ये अंघोळीला 'बेन्वार', म्हणजे कडा ओलांडून चढायचा टब. आजोबांसाठी दोन शब्द शोधायचे: 'शांब्र ओ रे-द-शोसे', तळमजल्यावरची खोली, आणि 'दूश आ लितालिएन', जमिनीच्या पातळीवरचा शॉवर. लाँजेरमध्ये दोन्ही होतं. दगडी भिंती दोन फूट जाड, जूनमध्येही आत गारवा, म्हणून मालकाला हीटरचं वेगळं बिल आहे का ते विचारायचं. काही ठिकाणी रोज ठरावीक युनिटपर्यंत वीज भाड्यात असते, पुढची मोजून घेतात. संडासात पाण्याची सोय नसते, एक प्लास्टिकचा तांब्या बॅगेत टाकावा. खेड्यात सांडपाणी बहुधा सेप्टिक टाकीत जातं, त्यामुळे ओले पुसके वगैरे काहीही त्यात टाकायचं नाही. तुंबलं तर खर्च भाडेकरूचा.

भाड्याखेरीज येणाऱ्या रकमा जाहिरातीच्या तळाशी असतात. चादरी-टॉवेल वेगळे, शेवटची सफाई वेगळी, आणि प्रौढ माणसामागे रोजचा पर्यटनकर, ज्यातून १८ वर्षांखालची मुलं सुटतात.

आता सगळ्यांत महाग ठरू शकणारा शब्द. आगाऊ रक्कम दोन प्रकारची. 'आर्र' दिली असेल तर भाडेकरूनं मागे फिरल्यास तेवढीच रक्कम बुडते, आणि मालकानं मागे फिरल्यास त्याला दुप्पट परत करावी लागते. 'आकोंत' दिली तर करार पक्का झाला. रद्द केलं तरी मालक उरलेल्या भाड्यावर हक्क सांगू शकतो. आपल्याकडे दोन्हीला 'ॲडव्हान्स' म्हणून मोकळे होतात. व्हिसा हातात नसताना करार करणाऱ्यानं तर हा फरक वाचल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. या प्रकरणात मालकाला पत्र लिहून एक ओळ करारात घालून घेण्याचा सल्ला होता: व्हिसा नाकारल्याचं पत्र ३० एप्रिलपर्यंत दाखवल्यास आगाऊ रक्कम परत. जूनसाठी जानेवारीत विचारलं तर बरेच मालक मान्य करतात. जुलैसाठी विचारलं तर पत्राला उत्तरही येत नाही. रद्द-विमा घेतला तरी त्यात व्हिसा-नकार बसतो का, हे वेगळं वाचायचं.

व्हिसाचं काम सरळ आहे, फक्त वेळेत करायचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो, किमान १५ दिवस आधी. निकालाला १५ दिवस धरतात, लांबला तर ४५. एप्रिल-मेमध्ये केंद्रांवर भेटीची वेळ मिळणं कठीण, म्हणून मार्चचा पहिला आठवडा. प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. ७० पुढच्या माणसाचा हप्ता चढा असतो आणि जुन्या आजारांची अट बारीक अक्षरात असते. जीतचा सहीचा करार राहण्याचा पुरावा म्हणून चालतो. पण काँपेरची आणि पॅरिसची एकेक रात्रही कागदावर दिसायला हवी, मध्ये फट राहिली की प्रश्न येतो.

समुद्र घड्याळावर

हा भाग सगळ्यांत जास्त वेळ देण्यासारखा आहे. ब्रेस्टच्या आसपास मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर सात मीटरपर्यंत जातं. मुंबईत पाच मीटरची भरती आली की बातमी होते. सकाळी पाहिलेला किनारा दुपारी तिथे नसतो, किंवा अर्धा किलोमीटर पुढे गेलेला असतो. फ्रान्समध्ये भरतीच्या जोराला २० ते १२० असा अंक देतात आणि तो ब्रेस्ट बंदरावरूनच मोजतात. ४५च्या आसपास म्हणजे भांग, ९५च्या वर म्हणजे उधाण. तक्ता प्रत्येक पर्यटन कार्यालयात आणि बेकरीच्या गल्ल्यावर मिळतो.

कोकणातल्या माणसाला इथे एक जुना हिशेब कामाला येतो आणि तोच फसवतोही. तिथीला तीननं गुणून चारनं भागलं की भरतीची वेळ: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज पाऊण तास पुढे सरकणं ब्रेस्टलाही तसंच. पण मुंबई-रत्नागिरीकडे पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती असते, तर ब्रेस्टला त्याच दुपारी ओहोटी. पाऊणपटीत सहा-सात तास मिळवले की तिकडची उन्हाळी वेळ जवळपास जुळते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत दुपारी समुद्र दूर, खडकांतली डबकी उघडी. अष्टमीच्या आसपास दुपारी पाणी काठोकाठ.

३१ मे २०२६ला पौर्णिमा आहे. आठवड्याच्या सुरुवातीला ओहोटी दुपारी बारा ते दीडच्या सुमारास, शेवटाकडे चारच्या पुढे. मात्र ही पौर्णिमा चंद्र पृथ्वीपासून लांब असताना पडते, म्हणून उधाण मवाळ. पाणी खूप लांब जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. १५ जूनची अमावास्या जास्त जोराची, पण तेव्हा मुलं शाळेत असतील. नेमकी मिनिटं तक्त्यातूनच घ्यायची. आपला हिशेब फक्त आठवडा मांडायला.

त्यावरून दिवस बसवले. रविवार ते मंगळवार दुपारी आबेरच्या खाडीची वाळू आणि डबकी. तिथलं छोटं बेट ओहोटीला पायी गाठता येतं. नियम: ओहोटीच्या दोन तास आधी निघायचं, ओहोटी उलटल्यावर तासाभरात परत. कारण पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर चढ १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांत येतो. मधल्या दोन तासांत अर्धा समुद्र परत येतो. "अजून वेळ आहे" असं वाटण्याची वेळ आणि परतीची वाट बुडण्याची वेळ यांत अर्ध्या तासाचंही अंतर नसतं. डबक्यात दगड उलटून खेकडे पाहिले तर दगड पुन्हा पालथा घालायचा, खालचा जीव उन्हात मरतो.

पोहण्यासाठी मोर्गाचा आडोशाचा किनारा किंवा पोस्तोलोनेक. द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडच्या ला पाल्यू आणि लोस्तमार्क या किनाऱ्यांवर पोहायला बंदी आहे. लाटा देखण्या, पण ओढ माणूस आत नेते. तिथे सूर्यास्त पाहायला जावं, पायसुद्धा बुडवू नयेत. आणखी एक सापळा फोटोंचा: पाचूच्या पाण्याचा, पाइनच्या झाडांमधून दिसणारा 'ईल व्हिएर्ज'चा छोटा किनारा सगळ्या याद्यांत पहिला असतो. दरडी कोसळतात म्हणून तिथे उतरायला बंदी आहे. वरच्या पायवाटेवरून दिसतो, तेवढ्यावर भागवावं. समुद्रातल्या आणीबाणीला १९६, इतर कशालाही ११२.

आजी-आजोबांचे दिवस वेगळे काढले. कामारे गावचा वोबाँ बुरूज, २००८ पासून जागतिक वारसा यादीत, बंदराच्या सपाट बांधावर आहे. गाडीपासून थोडंच चालणं. पें-हीरचे सत्तर मीटरचे कडे आणि पुढे समुद्रात रांगेनं उभे खडक, ज्यांना तिथले लोक 'वाटाण्यांचे ढीग' म्हणतात, तेही वाहनतळापासून जवळ. किनाऱ्याभोवतीची जुनी जकातवाल्यांची पायवाट सुंदर आहे, पण कठडा नाही. ६ वर्षांच्या मुलाचा हात सोडायचा नाही.

शाकाहारी सहा ताटं

ब्रिटनीची गालेत कुट्टूच्या पिठाची, पाणी आणि मीठ, ऐकायला निर्धोक. पण तवा पुसायला परंपरेनं डुकराची चरबी, 'सँदू', वापरतात. हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. ऑर्डर देण्याआधी विचारायचं, तवा लोण्यानं पुसून द्याल का. बहुतेक जण आनंदानं देतात. 'कोंप्लेत'मध्ये अंडं, चीज आणि हॅम. 'साँ जाँबों' म्हटलं की हॅम निघतं. बऱ्याच फ्रेंच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, मूसमध्ये जिलेटिन असू शकतं, सूपचं पाणी मांसाचं असू शकतं. आजी-आजोबांसाठी सुरक्षित: लोणी, मशरूम, बटाटा किंवा पालक घातलेली गालेत, 'त्रादिसियों' बगेट, जी पीठ-पाणी-मीठ-खमीर यांची असते आणि जिच्यात अ‍ॅडिटिव्ह घालायला कायद्यानंच मनाई आहे, आणि फळं. जेवणाची वेळ १२ ते दीड, रात्री ७ ते ९. अडीचला भूक लागली तर बेकरीही बंद असण्याची शक्यता धरून चालावं.

म्हणून सात दिवसांत तीनदाच बाहेर, बाकी घरी. इथं पुणेरी बॅग भरताना मोठी चूक होते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत: तूप, पेढे, चक्का, सगळं जप्त. ताज्या फळ-पाल्यालाही रोगमुक्तीचा दाखला लागतो. अननस, नारळ, केळी, खजूर, ड्युरियन सोडून. म्हणजे मे महिना असला तरी हापूस नाही, कढीपत्ताही नाही. न्यायचं ते एवढंच: गोडा मसाला २०० ग्रॅम, तिखट, हळद, हिंग, मोहरी-जिरं, भाजणी अर्धा किलो, पोहे एक किलो, आमसुलं, आणि तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा कुकर. फ्रेंच सॉकेटमधून एक पिन बाहेर डोकावते. आपलं दोन पिनांचं चार्जर बसतं, तीन पिनांचं नाही.

उरलेलं सगळं तिथल्या सुपरमार्केटमध्ये आहे, नाव माहीत हवं. मसूर डाळ म्हणजे 'लाँती कोराय', दीड किलो. 'पुआ कासे' ही सोललेली वाटाण्याची डाळ, आमटीला चालते. बासमती तीन किलो. बारीक रवा 'सेमूल फीन', एक किलो, उपमा आणि शिरा दोन्हीसाठी. पोळीला 'फारीन कोंप्लेत' घ्यावी, पण कणीक पाऊण तास भिजू द्यावी, नाहीतर पोळी लाटताना मागे ओढते. साधं दही 'याउर्त नात्यूर'. हिरवी मिरची खेड्यात मिळेलच असं नाही.

आणि दोन गोष्टी खास ब्रिटनीच्या. लोणी इथं मुळात खारवलेलंच विकतात, 'दमी-साले'. तूप कढवायचं तर पाकिटावर 'दू' हा शब्द पाहून घ्यावं. २५० ग्रॅम लोण्याचं २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. दुसरी, 'ले रिबो'. दुधाच्या कपाटात बाटलीत मिळणारं हे चक्क ताक आहे, तिथले लोक ते गालेतबरोबर पितात. आपल्या ताकापेक्षा दाट, म्हणून कढीला निम्मं पाणी घालून घ्यावं आणि बेसन थोडं कमी. बेसन 'फारीन द पुआ शिश' नावानं सेंद्रिय पदार्थांच्या फळीवर असतं.

पैसे आणि शेवटचा शनिवार

विमान वगळून मांडलेला अंदाज, युरोत: व्हिसा शुल्क ४५०, जीत चादरी-सफाई-करासह ९६०, दोन गाड्या (एक ऑटोमॅटिक) ८३० आणि इंधन १२०, रेल्वे जाऊन-येऊन ४८०, वाणसामान आणि तीन बाहेरची जेवणं ६२०, काँपेर आणि पॅरिसच्या रात्री ५४०, विमानतळाची व्हॅन दोनदा २२०. एकूण ४,२२०. रेल्वेचा आकडा तिकिटं विक्रीला येताच घेतली तरचा; आदल्या आठवड्यात घेतली तर तो दुप्पट होऊ शकतो. पहिल्या आराखड्यात पाच मुक्काम होते. तिथे दोन-दोन हॉटेलखोल्या आणि रोज दोन वेळचं बाहेरचं जेवण यांनीच बजेट फुगलं होतं.

निघण्याच्या दिवशी वेळ मागे मोजत जायची. काँपेरचा काउंटर शनिवारी दुपारी बाराला मिटतो असं धरून साडेअकराला तिथे. त्याआधी टाकी भरायला पंधरा मिनिटं, रस्ता एक तास. म्हणजे सव्वादहा; त्यात अर्ध्या तासाची सवड धरून घर पावणेदहाला सोडायचं आणि मालकाबरोबरची पाहणी नऊला. भांडी धुऊन, कचरा वेगळा करून, काचेच्या बाटल्या गावातल्या सार्वजनिक पेटीत आदल्या संध्याकाळीच टाकून.

अनामतीचा प्रश्न मात्र पहिल्याच पत्रात सोडवून ठेवायचा. मालक 'कोसियों' म्हणून साधारण ३०० युरोंचा धनादेश मागतात, आणि पुण्याहून आलेल्या कुटुंबाकडे फ्रेंच बँकेचं चेकबुक नसतं. रोख चालेल का, आणि पाहणी झाल्याबरोबर ती हातात परत मिळेल का, हे दोन्ही लेखी विचारावं. काही मालक नंतर बँकेतून पाठवू म्हणतात; परदेशी खात्यात ३०० युरो पाठवायचा खर्च आणि उशीर कोणाच्या माथी, हेही मग त्याच पत्रात ठरवावं. पैसे ताब्याच्या दिवशी पाकिटात घालून द्यावेत आणि पाहणीच्या कागदावर रकमेची नोंद करून सही घ्यावी. आधीपासून फुटलेली काचेची बरणी, पलंगाची मोडकी पट्टी, जे दिसेल ते त्याच कागदावर आणि फोनच्या फोटोत.